अग्रणीस, शेपटाकडून

७ जानेवारी

प्रिय अग्रणी,

सविनय निवेदन करण्यात येते की, टपाल कचेरी आणि चष्म्याचं दुकान यांच्यामधल्या आमच्या चौकात पादचाऱ्यांसाठी जो हिरवा दिवा लागतो, तो गेल्या काही आठवड्यांपासून अल्पायुषी झाला आहे. पूर्वी तो लागला की मी फुटपाथवरून उतरायचो, सकाळी तपासलेल्या पुस्तकाच्या लेखकाच्या नावाने मनातल्या मनात बोटं मोडत पलीकडे पोचायचो, आणि तरी तो मागे हिरवागार उभा असायचा. हल्ली मी रस्त्याच्या मध्यावर असतानाच त्याची घरघर सुरू होते. तो लुकलुकतो, लाल होतो, आणि सगळ्या मोटारी माझ्याकडे अशा बघतात, जणू मी त्यांच्या शयनगृहात शिरलो आहे. काल एका टेम्पोवाल्याने काच खाली करून विचारलं, "काका, पत्ता शोधताय का?" मी म्हटलं, "हो. सिग्नल खात्याचा."

त्या खात्यात तू उभी हयात काढलीस. कुठल्या चौकात माणसाला किती सेकंद द्यायचे, हे तुझ्या टेबलावर ठरायचं. तुझी बदली होऊन वर्ष होत आलं. तुझ्या खुर्चीवर जो कोणी बसला आहे त्याने काटकसर आरंभलेली दिसते. तरी तू आपलं वजन वापरून चौकशी करावीस, ही विनंती.

हे फोनवर सांगता आलं असतं, हे मला कळतं. पण फोनवर तू नेहमी कुठेतरी चाललेला असतोस. मला तुझा श्वास ऐकू येतो आणि "हं, बोल, बोल" ऐकू येतं, ज्याचा अर्थ "आवर" असा आहे. तुला एका जागी बसवायचं तर पत्रच लागतं. बसलास ना? पाय हलवू नकोस.

तुझं पत्र पोचलं. निम्मं पत्र तिथल्या नव्या डोंगर मंडळाबद्दल आहे, आणि त्या निम्म्यातलं बरंचसं तिथल्या शेपटाबद्दल. पिछाडीला चालणाऱ्या या बाई भूलतज्ज्ञ आहेत हे वाचून आनंद झाला. ज्यांचा व्यवसायच माणसाची शुद्ध हरपवण्याचा आहे, त्यांच्या शेजारून चालताना जरा जपून असावं, इतकंच सुचवतो. 'शेजारून' हा शब्द तुझाच. मी मुद्रितशोधक आहे, शब्दावरून माझी नजर सहसा घसरत नाही. तू लिहितोस: 'परवा आघाडी दुसऱ्याला दिली आणि मागे येऊन त्यांच्या शेजारून चाललो. फार सावकाश चालतात. मजा आली.'

ही ओळ मी पुन्हा पुन्हा तपासली. 'सावकाश' आणि 'मजा' हे दोन शब्द तुझ्या हातून शेजारीशेजारी पडलेले मी आजवर पाहिले नव्हते. मला वाटलं मूळ प्रतीत चूक असेल.

आपल्याबद्दल त्या बाईंना तू काय सांगितलं आहेस कोण जाणे. सांगितलं नसलंस तर मीच सांगतो, म्हणजे नोंद राहील. आपल्या मंडळात एक जण सर्वांत पुढे चालतो, वाट दाखवायला. एक जण सर्वांत शेवटी, कुणी मागे सुटू नये म्हणून. पुढे तू, शेवटी मी, मध्ये सगळी प्रजा. अवघड जागा शेवटच्या माणसाने ओलांडली की मी शिट्टी वाजवायचो आणि डोंगराच्या पलीकडून तुझी शिट्टी यायची. एवढाच आपला संवाद, पण तो कधी चुकला नाही. शेपूट येऊन बसल्याशिवाय अग्रणीने थांब्यावरून उठायचं नाही, असाही एक नियम होता. मी झाडाआडून दिसू लागलो की तुझी पिशवी पाठीवर चढलेली असायची. मी बसायला आणि तू उठायला एकच गाठ. इतकी वर्षं आपण बरोबर चाललो असं लोक म्हणतात, पण शेजारून असे आपण चाललो कधी?

एकदाच. तुला गाडीवर सोडायला आलो तेव्हा. तिथेही तू बॅग घेऊन पुढे, आणि बोलत होतास ते समोर तोंड करून. निरोपाचं जे काही बोललास ते तुझ्या पुढे चाललेल्या एका अनोळखी गृहस्थांना कळलं असेल. ते मागे वळून बघत होते खरे.

बाकी क्षेम. हिने नमस्कार सांगितला आहे.

तुझं,
एकमेव आणि अधिकृत
शेपूट


२ फेब्रुवारी

प्रिय अग्रणी,

माझा अर्ज तू इतका मनावर घेशील असं वाटलं नव्हतं. तू जुन्या सहायकाला फोन केलास, तो बिचारा घड्याळ घेऊन आमच्या चौकात दुपारभर उभा राहिला, आणि निष्कर्ष काय, तर दिवा पूर्वीइतकाच जगतो. यंत्रात काही दोष नाही. आभारी आहे. तीस वर्षं छापील शब्दाच्या खरेखोटेपणाची साक्ष देत आलेल्या माणसापेक्षा एका डब्यातल्या घड्याळाची साक्ष तुला ग्राह्य वाटली, हेही नोंदवून ठेवतो.

तुमचं ते गणित मला आठवतं. तू म्हणायचास, अख्खं शहर एका सरासरी माणसासाठी बांधलेलं असतं. तो काही तरुण नसतो, म्हातारा नसतो, घाईत नसतो, रेंगाळत नसतो. त्याच्या चालीवरून चौकाने सेकंदांचा हिशेब जुळवायचा. मी म्हणायचो, असा माणूस मी पाहिलेला नाही, आणि तू म्हणायचास, "आरशात बघ." त्या वेळी मला तो अपमान वाटला होता.

तुझ्या प्रश्नाला उत्तर: नाही, मी रेंगाळत नाही. मात्र एवढं खरं की वयपरत्वे माझी सौंदर्यदृष्टी वाढीस लागली आहे. छापखान्यातून घरी येताना पूर्वी मी नाकासमोर यायचो. आता दुकानांकडे बघतो. कुलपांचं दुकान, आरशांचं दुकान, मग लॅम्पशेडचं. आपल्या रस्त्यावर इतक्या नामी वस्तू मांडलेल्या असतात आणि आपण घोड्यासारखे झापडं लावून जातो. मी थांबतो, निरखतो, पुढे जातो. पुढच्या दुकानापुढे पुन्हा. कुलपांचे प्रकार मला आता कुलूपवाल्यापेक्षा जास्त माहीत झाले आहेत.

हिला हे नवं वेड समजेना. परवा आम्ही दोघं बाजारातून येत होतो. ही पुढे गेली, मागे बघते तर मी काचेला नाक लावून.

"अहो, रोज काय बघता त्या दिव्यांकडे?"

"आकार बघतोय. कसा डौलदार आहे."

"घ्यायचा आहे का?"

"विचार चाललाय."

"गेला महिनाभर चाललाय विचार."

दुसऱ्या दिवशी घरी येतो तर माझ्या लिहायच्या टेबलावर तोच लॅम्पशेड. जांभळा. कडेला झालर. ही म्हणाली, "तुमचं मन राखावं म्हटलं." आता त्याच्या उजेडात हे पत्र लिहितो आहे आणि अक्षरांना थोडा मुका मार बसल्यासारखा वाटतो आहे, तिला बिचारीला ते सांगायचं नाही. खरं दुःख वेगळंच आहे. त्या दुकानापुढे थांबायला मला आता कारण उरलं नाही.

कचेरीतही हीच गत. आमच्या खोलीपासून यंत्रविभागापर्यंत तो लांबलचक बोळ तुला ठाऊक आहे. त्याच्या मध्यावर सूचनाफलक आहे. मी तो वाचतो. जाताना वाचतो, येताना वाचतो. फोरमन म्हणाला, "काका, कामगार संघाच्या निवडणुकीला उभे राहताय वाटतं? सगळ्या नोटिशींवर लक्ष आहे तुमचं." मी गूढ हसलो. त्यावरून दोघांनी मला पाठिंबा जाहीर केला आहे.

आता मुद्द्यावर येतो. एप्रिलच्या पहिल्या रविवारी आपल्या मंडळाची कड्याची मोठी वाट आहे, त्यासाठी तू येणार, हे वाचून मला किती बरं वाटलं हे लिहीत नाही, कारण पुढच्याच ओळीत तू लिहिलं आहेस की त्या बाईही येणार. आणि त्याच्याही पुढच्या ओळीत: 'त्यांना पिछाडीची सवय आहे. तुम्ही दोघं मिळून शेपूट व्हा. तुमचं जमेल.'

जगात कुठल्या प्राण्याला दोन शेपट्या असतात हे मी शोधतो आहे. सापडला की कळवीन.

तू येणार तेव्हा पुढे चालणार की मागे, हेही एकदा स्पष्ट कळव. म्हणजे बाई शेपूट असतील तर तुझं पुन्हा 'मजा आली' होईल, आणि मंडळाचं तोंड आणि शेपूट दोन्ही एकाच टोकाला जमतील. वाट कोण दाखवणार? माझ्या पोटात दुखतं आहे असं तुला वाटेल. तुला जे वाटतं ते बहुधा चुकीचं असतं, या वेळी मात्र नाही.

तुझं शेपूट
(तूर्त पदावर)


२६ फेब्रुवारी

प्रिय अग्रणी,

तू काय करून ठेवलं आहेस याची तुला कल्पना नाही.

मी तक्रार केली होती, मागणी केली नव्हती. तरी तू सहायकाला पुन्हा फोन केलास, आणि मैत्रीखातर आमच्या चौकातला पादचाऱ्यांचा हिरवा दिवा वाढवून दिलास. गेले दहाबारा दिवस तो दिवा लागला की विझायचं नाव घेत नाही. मोटारी टपाल कचेरीपासून थेट शाळेपर्यंत तुंबतात. लोक रस्ता ओलांडतात, पलीकडच्या फुटपाथवर गप्पा मारतात, वळून बघतात, अजून हिरवा. चष्मेवाला दुकानाबाहेर खुर्ची टाकून मजा बघत बसतो. काल त्याने मला विचारलं, "ही कुणाची अवदसा हो?" मी म्हटलं, "एका थोर माणसाची."

आणि तरीही, अग्रणी, परवा संध्याकाळी त्या अमर दिव्याखाली मी पलीकडे पोचलो नाही. मध्यावरच्या दुभाजकावर थांबलो. खांबाला धरून उभा राहिलो आणि खांबावरची जाहिरात वाचली. शिवणयंत्र दुरुस्तीची होती. चांगली लिहिली होती, एकही चूक नव्हती.

हे तुला का सांगितलं ते माहीत नाही. पुढे चल.

रविवारी मोठ्या वाटेच्या तयारीसाठी मंडळ धाकट्या टेकडीवर गेलं होतं. तुझ्या जागी हल्ली व्यायामशाळेचे मास्तर अग्रणी आहेत. तुझ्यात एक दोष होता, त्यांच्यात दोन आहेत: तेही घाई करतात, आणि घाई करताना उपदेश करतात. "श्वास नाकाने! टाच आधी!" असं पुढून ओरडत असतात, आणि मागे आमच्यापर्यंत फक्त 'नाक' आणि 'टाच' एवढंच पोचतं. माझ्या पुढे आपला हिशेबनीस होता. गेली कैक वर्षं मंडळातला सर्वांत संथ माणूस तोच. माझं काम म्हणजे त्याच्या मागे राहणं, त्याला हळूच हाकणं, आणि तो "तुम्ही व्हा पुढे" म्हणाला की "मला कसली घाई" म्हणणं. ते माझं आवडतं वाक्य.

त्या दिवशी खिंडीच्या चढावर तो वळून म्हणाला, "येताय ना?"

म्हटलं, "तुम्ही व्हा पुढे. मी जरा हे बघतो."

"काय?"

"मुंग्या. बघा कशा शिस्तीत चालल्यात."

तो खाली वाकला. तिथे एकही मुंगी नव्हती. भला माणूस आहे, "हो, हो" म्हणाला आणि थांबला. मग मी चाललो, तो चालला. मग मी पुन्हा थांबलो, एका खडकावरच्या शेवाळासाठी. मग एका ढगासाठी. शेवटी निसर्ग संपला आणि मी नुसताच उभा राहिलो.

वरच्या थांब्यावर आमची वाट बघून मास्तरांनी शिट्टी फुंकली. मी उत्तर दिलं, पण फार खालून, त्यामुळे त्यांना वाटलं कुणीतरी पडलं. दोन धडधाकट माणसं दोर घेऊन उतरली. मंडळाच्या इतिहासात शेपूट शोधायला माणसं धाडल्याची ही पहिलीच वेळ असावी. दोर बघून मी म्हटलं, "कुणाला बांधायचं आहे?" कुणी हसलं नाही.

वर गेल्यावर मंडळाच्या चिटणीसबाईंनी मला बाजूला घेतलं. तुला त्यांचा आवाज ठाऊक आहे. मुख्याध्यापिका असल्याने त्या बाजूला घेतात तेव्हाही शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जातं.

"भाऊ, एप्रिलला तुम्ही मध्ये चाला."

"मध्ये कशाला?"

"मध्ये बरं असतं. पुढेमागे माणसं असतात."

"आणि पिछाडी?"

"त्या पाहुण्या येणारच आहेत ना डॉक्टरीणबाई. त्यांना सवय आहे म्हणे. पत्र आलंय मला."

तर तू चिटणीसबाईंनाही लिहिलंस. माझ्या पाठीमागून, असं मी म्हणणार होतो. पण माझ्या पाठीमागे कधी कुणी नसतं, हीच तर माझ्या पदाची शान होती.

मला एवढंच विचारायचं आहे. त्या सावकाश चालतात म्हणजे नेमक्या किती सावकाश? माझ्यापेक्षा जलद असतील तर त्यांचं कौतुक कशाचं? आणि माझ्यापेक्षा सावकाश असतील तर तुला त्यांच्याबरोबर कसं चालवतं? तुझी चाल मला माहीत आहे. तुझ्या पायांना थांबायला सांगणं म्हणजे उतारावरच्या चाकाला समजावणं. त्या बाईंनी नक्की काय टोचलं तुला?

शेपूट


११ मार्च

अग्रणी,

तू माझी पत्रं त्यांना वाचून दाखवतोस.

'फार गमतीदार असतात म्हणून', असं लिहिलं आहेस. संध्याकाळी चालून आल्यावर कट्ट्यावर बसून वाचता. बसून. तू. वा.

आणि पुढे असं लिहितोस की लॅम्पशेडचा मजकूर वाचताना तुला हसू आवरेना, पण त्या हसल्या नाहीत. कुलपं, सूचनाफलक, मुंग्या, दुभाजक, सगळं शांतपणे ऐकून घेतल्यावर त्यांनी विचारलं, "यांच्या पोटऱ्या दुखतात का? चालताना भरून येतात आणि उभं राहिलं की उतरतं, असं होतं का? सिगारेट ओढतात का?" आणि तू मला हे तीन प्रश्न जसेच्या तसे, खाली रेघ मारून, उत्तरासाठी धाडून दिलेस.

तर उत्तर. पहिल्या प्रश्नाचं: त्यांचा संबंध नाही. दुसऱ्याचं: तुझाही नाही. तिसऱ्याचं उत्तर तुला माहीत आहे, तूच कितीदा थांब्यावर माझ्या धुराला नाक मुरडून चालू लागला आहेस.

माझं पत्र मी तुला लिहितो. तुझ्या त्या कट्ट्याला लिहीत नाही. मी काय झाकलं आहे ते दिसू नये म्हणून मी मेहनत घेतो, आणि ती मेहनत तुझ्या बाबतीत कायम फळाला येते. तू माझं पत्र वाचलंस आणि चौकातला दिवा वाढवलास. रस्त्यावरचा एक माणूस चालताना अडतो आहे हे ऐकून तुला दिव्याची काळजी वाटली. त्या बाईंनी मला पाहिलेलं नाही, माझा आवाज ऐकलेला नाही, त्यांनी फक्त ऐकलं, आणि त्यांना कळलं. तू हसलास, त्या हसल्या नाहीत. यातलं मला जास्त काय लागलं, ते अजून ठरत नाही.

एप्रिलला येऊ नका. चिटणीसबाईंना मी कळवतो की या वर्षी माझं जमणार नाही, छापखान्यात भूगोलाचं पुस्तक आहे.


२९ मार्च

प्रिय अग्रणी,

मागचं पत्र रागात लिहिलं. ते परत मागायची सोय टपालखात्याने केलेली नाही. तू त्याला उत्तर दिलं नाहीस, उलट घरी फोन करून हिच्याशी बोललास. तू चालता चालता बोलत नव्हतास, असं ही म्हणते. "शांत होता त्यांचा आवाज. कुठेतरी बसले होते." त्यावरूनच ती घाबरली.

फोन ठेवून ती माझ्या खोलीत आली, तो जांभळा लॅम्पशेड बंद केला, वरचा मोठा दिवा लावला आणि म्हणाली, "पायजमा वर करा."

"का?"

"पोटऱ्या दाखवा."

पोटऱ्यांवर काहीच दिसत नव्हतं. तिला ते पटेना. ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "तुम्ही दुकानांपुढे थांबायचात ना, तेव्हा मला वाटायचं, यांना माझ्याबरोबर चालायचा कंटाळा येतो. म्हणून मी मुद्दाम पुढे निघून जायची." तिला असं वाटत असेल हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. मी आपला काचेत कुलपं बघत होतो.

दुसऱ्या दिवशी ती मला रक्तवाहिन्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. रिक्षाने, म्हणजे थांबायचा प्रश्न आला नाही. त्यांनी माझ्या दंडाला पट्टा बांधला, मग घोट्याला बांधला, आणि दोन्हीकडचे आकडे जुळतात का ते बघितलं. जुळले नाहीत. पायांकडे जाणाऱ्या रक्ताच्या वाटा अरुंद झाल्या आहेत. डाव्या पायाची जास्त. चालताना स्नायू रक्त मागतात, ते वेळेवर पोचत नाही, म्हणून दुखतं. थांबलं की हळूहळू पोचतं, म्हणून उतरतं. या दुखण्याला दुकानांच्या काचा बघणाऱ्यांचं दुखणं असंच म्हणतात, असं डॉक्टर म्हणाले. मला वाटत होतं ती युक्ती मी शोधून काढली आहे. सगळ्या जगातले रोगी तेच करतात. इतका मोठा अपेक्षाभंग बऱ्याच वर्षांत झाला नव्हता.

हे पुरतं बरं होत नाही, पण आवरतं. सिगारेट त्या दिवशी बंद झाली. गोळ्या आहेत. हृदयाच्याही वाटा तपासायच्या आहेत, कारण पायाच्या बुजल्या तर तिकडच्याही बुजल्या असू शकतात. ती तपासणी पुढच्या आठवड्यात. हे मी सहज लिहितो आहे असं वाटेल. सहज लिहीत नाही.

आणि औषध म्हणून त्यांनी काय सांगितलं असेल? चाला. रोज. दुखेपर्यंत चाला, दुखलं की थांबा, उतरलं की पुन्हा चाला. मी म्हटलं, "डॉक्टर, हे तर मी करतच होतो." ते म्हणाले, "लपून करत होता. आता उघड करा. आणि एकट्याने नको, कुणीतरी बरोबर असू द्या." ही लगेच म्हणाली, "मी आहे." गेले चारपाच दिवस आम्ही दोघं निघतो. मी थांबलो की ती थांबते. पहिल्या दिवशी ती माझ्याकडे टक लावून बघत राहिली, तेव्हा म्हटलं, "अगं, समोर बघ, लोकांना वाटेल आपलं भांडण झालंय." ती म्हणाली, "होऊ दे वाटायचं." असं चाललं आहे.

चौकातला दिवा पूर्ववत करायला सांग. शाळेतल्या पोरांना रोज उशीर होतो आहे आणि चिटणीसबाईंना कारण कळलं तर त्या मला बाकावर उभं करतील.

त्या भूलतज्ज्ञबाईंना माझे आभार कळव. यात खोच नाही. तीन प्रश्न वेळेवर विचारले म्हणून पाय वाचण्याची शक्यता आहे, असं डॉक्टरांनी स्वच्छ शब्दांत सांगितलं. त्यांचा स्वभाव माझा हेवा करणारा असेल असं वाटलं होतं, तसा तो नसावा. हेवा माझ्याकडेच शिल्लक आहे. तोही सांगायलाच हवा, कारण तुझं कार्ड काल आलं.

कार्डावर तू चारच ओळी लिहिल्या आहेस. 'रविवारी आम्ही दोघं येतोय. कड्याची वाट मंडळाला करू दे. आपण खालच्या सपाट वाटेने जाऊ. मी तुझ्या शेजारून चालेन, तू थांबशील तिथे थांबेन.'

हिने ते वाचून डोळे पुसले. मी सवयीने चूक शोधली, सापडली नाही. ये. खरंच ये. हिला तुझ्याशी बोलायचं आहे, आणि मलाही त्या बाईंना एकदा बघायचं आहे. पण तू येण्याआधी एक गोष्ट लिहून टाकतो, कारण समोरासमोर मी ती पुन्हा कुलपांच्या गोष्टीत गुंडाळीन.

तुझ्यावर माझा विश्वास आहे. तू थांबशील. एकदाही घड्याळाकडे बघणार नाहीस, पाय हलवणार नाहीस. तेच मला सहन होईल की नाही, सांगता येत नाही. त्या बाईंसाठी तू सावकाश झालास तो त्यांच्याबरोबर राहावंसं वाटलं म्हणून. माझ्यासाठी होशील, तो डॉक्टरांनी सांगितलं म्हणून. तू कितीही छान वागलास तरी मला ते कळेल.

पायांची भीती वाटते, हृदयाच्या तपासणीचीही वाटते. पण या दोन्हींहून जास्त भीती मला याची वाटते, की मी धडधाकट राहिलो असतो, तर माझ्या शेजारून चालावं असं तुला कधीच वाटलं नसतं.

तुझा